युसुफभाईंच्या नारिंगी बुटाचा निकाल

मंगळवार, २० जानेवारी २०२६. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. लिहिण्यास आरंभ केला.

युसुफभाई, फजरची नमाज आटोपून तुम्ही या वेळी माझ्या फाटकाशी येऊन खोकत असता. दाराला घंटी असताना माणसाने खोकावे का, हे मी तुम्हाला अनेकदा विचारले. तुमचे उत्तर ठरलेले होते. "घंटीनं भाभी उठते जी, खोकल्यानं तुमी." हे उत्तर मी कधी मान्य केले नाही. ते बरोबर होते.

गेल्या गुरुवारी दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. कब्रस्तानात मी होतो. माती दिली. त्याविषयी येथे अधिक लिहिणार नाही.

तुमच्या नाटक मंडळीचा निर्माता मनोहर, जो नायकही स्वतःच असतो, काल माझ्याकडून एक मजकूर लिहून घेऊन गेला. तुम्ही गेल्यापासून मंडळीने पडदा उघडलेला नाही. आज रात्री तो प्रथमच उघडायचा आहे, आणि त्याआधी तो मजकूर वाचून दाखवायचा आहे. तुमचा जन्म, वडशातले चपला-बुटांचे दुकान, रंगभूमीची सेवा, हे सारे त्यात यथास्थित आले आहे. बुटाचा उल्लेख नाही. तो विषय सभेत मांडण्याजोगा नव्हता. म्हणून हे वेगळे लिहितो. ते प्रकरण आपल्या दोघांत अपुरे राहिले आहे, आणि अपुरे प्रकरण मला आवडत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस एके सकाळी तुम्ही खोका घेऊन आलात. ओसरीवर बसून तो उघडलात. आत बूट होते. रंग नारिंगी, तळवा वीतभर वाटावा इतका जाड, दाबला तर पुरणासारखा दबणारा. टाचेच्या आतल्या बाजूस राखाडी रंगाची एक कडक पाचर बसवलेली होती. जन्मभर लोकांच्या पायांत बूट घालून स्वतः मात्र स्लिपरवर हिंडणारा माणूस असा बूट स्वतःसाठी घेऊन आला, याचा अर्थ प्रकरण गंभीर आहे, हे मी ओळखले.

"पाहा साहेब. पायाले गादी अन् घोट्याले टेकू."

"कशासाठी?"

"मनोहर मले खाटेवर निजवून राह्यला."

मग सर्व कळले. झाडीपट्टीच्या प्रत्येक नाटकात तुमचे पात्र नाव बदलीत असे, काम तेच असे: उशिरा येणे आणि चुकीची बातमी आणणे. तुमचा प्रवेश विंगेतून नसे. तुम्ही प्रेक्षकांच्या मागून, मधल्या वाटेने, ओरडत धावत येत असा आणि रंगमंचाला लावलेल्या पाटावर एक पाय ठेवून थेट वर उडी घेत असा. नायक येई तेव्हा लोक बघत. तुम्ही येत असा तेव्हा लोक उठून उभे राहत. मात्र दिवाळी ते होळी चालणाऱ्या मागच्या हंगामात दोनदा तुम्ही पाटापाशी अडखळलात, आणि होळीनंतर मनोहरने सांगितले, "भाऊ, पुढच्या साली आजाचं काम करा. खाटेवरच आहे. पडल्या-पडल्या बोलाचं."

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले होते की, तुमचे तळपाय सपाट आहेत, पाऊल पडताना घोटा आत कलंडतो आणि त्याचा भार गुडघ्यावर येतो. आधार देणारा बूट घ्या, रोज थोडे थोडे धावा, एकदम उड्या मारू नका. तीन सल्ल्यांपैकी दोन तुम्ही मनापासून पाळलेत.

माझ्याकडे येण्याचे कारण तुम्ही स्पष्ट केलेत. "तुमी जनमभर वाघाचे पाय पायले. आता माहे पाहा. बूट खरंच काम करते का नुसता गुबगुबीत आहे, ते सांगा. दिवाळीआधी सांगा. नाईतर मी खाटेवर गेलो समजा."

मी आलापल्लीच्या जंगलात वनक्षेत्रपाल म्हणून राहिलेला माणूस. त्या काळी वाघांची गणती पावलांच्या ठशांवरून होई. वाटेवर चाळलेली माती पसरायची, ठसा उमटला की वर काच धरून रेघ उतरवायची, मग प्लास्टर ओतून साचा काढायचा. ठशावरून नर की मादी, भार कोणत्या पायावर, लंगडतो का, हे सांगता येते. माणसाच्या बुटाला हीच पद्धत लावता येईल, असे मी म्हणालो. लावता येते. ती कशी फसते, ते पुढे येईल.

त्याआधी तत्त्वाचा वाद झाला. माझे मत असे की, पायाला जमीन शिकवते. तळव्याखाली गादी घातली की पाय आळशी होतो. आम्ही साध्या कॅनव्हासच्या बुटांत डोंगर चढलो. यावर तुम्ही म्हणालात, "जमीन शिकवते हे खरं जी. पण ते मास्तर लय मारते." याचे उत्तर मला आज सुचले आहे. आता उपयोग नाही.

नाल्याकडे जाणाऱ्या मुरमाच्या वाटेवर आपण मातीचा पट्टा तयार केला. मी चाळली, तुम्ही सूचना केल्यात. रोज सकाळी तुम्ही त्यावरून धावत जाणार, मी बसून ठसा तपासणार. ती वाट पुढे जंगलाला लागते, आणि तेथे पहाटे एकट्याने धावू नये हा नियम मी तुम्हाला समजावून सांगितला. धावणारे सावज असते, बोलत चालणारा माणूस असतो. तुम्ही मधला मार्ग काढलात. धावताना नाटकातली भाषणे मोठ्याने म्हणू लागलात. "मामाजी, घात झाला! पाहुणे मांडवातून परत गेले!" पहिल्या आठवड्यात वस्तीतली दोन माणसे काठ्या घेऊन धावत आली. तुमच्याकडे लग्न आहे काय आणि पाहुणे का परत गेले, हे त्यांनी मला विचारले. मी सांगितले, बुटाची चाचणी चालू आहे. ते काठ्या खांद्यावर टाकून परत गेले.

एकदा पट्ट्यावर तुमच्या ठशावर बिबट्याचा ठसा मिळाला. रात्रीचाच, ताजा. मी तुम्हाला दाखवला. तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून वाकलात आणि विचारलेत, "याचा पाय आत वळते का जी?"

"नाही."

"मंग याले बूट नाई लागत." आणि तुम्ही पुढे धावलात. त्या दिवशी तुमचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, हे मात्र नोंदवतो.

बुटाविषयी माझी निरीक्षणे साचत गेली. डांबरी रस्त्यावर गादीने तुमची टाच वाचवली, यात शंका नाही. पूर्वी तुमचे पाऊल थाडकन वाजे, आता ते दबून पडू लागले. मुरमावर मात्र तळव्याच्या खाचांत खडे अडकत आणि तुम्ही चालताना दळण दळल्यासारखा आवाज येई. पाऊस लागल्यावर बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, चिकणमातीने बुटाचा पूर्ण पराभव केला. एकेका पायाला शेरभर चिखल घेऊन तुम्ही शेताच्या धुऱ्यालगत रुतून उभे होता आणि मी तुम्हाला हात दिला, तेव्हा बूट आणि तुम्ही दोन वेगवेगळ्या वेळी बाहेर आलात. वरची जाळी हवा आत घेते, तसेच दवही घेते, आणि घेतलेले दव सोडीत नाही. गवतातली कुसळे त्या जाळीत अशी रुततात की, घरी आल्यावर सुमनला चिमटा घेऊन बसावे लागे. ती माझी पत्नी असून माझे मोजे तिने कधी वेचले नाहीत.

सुमनचा खरा आक्षेप साच्यांना होता. प्लास्टरचे पाय मी ओळीने ओसरीवर वाळत घालीत असे. "अवो, हे पाय काऊन मांडून ठेवले इथी? मी पापड कुठी टाकू?" मी म्हणालो, तुलनेसाठी आहेत. ती म्हणाली, "तुलना करा, पण कोठ्यात करा. काल धोबीण पाहून मागच्या मागं गेली." त्याच संध्याकाळी तुम्ही तिच्यापुढे पापडांसाठी दुकानातले रिकामे खोके आणून ठेवलेत. तुमच्यात आणि तिच्यात हे असले करार माझ्या अपरोक्ष होत.

श्रावणात मी उन्हे वर आल्यावर, तुम्ही धावून दुकानी गेल्यावर, पट्टा तपासू लागलो, आणि निरीक्षणांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. काही दिवस तुमचा घोटा सरळ, पाऊल समतोल, पाचर आपले काम चोख बजावते आहे, असे दिसे. दुसऱ्याच दिवशी पाऊल जड, टाच खोल, चवडा फाकलेला. मी अनुमान काढले की, बुटाची गादी दमते. एक दिवस काम करते आणि एक दिवस विश्रांती घेते. हे अनुमान मी तुम्हाला गंभीरपणे ऐकवले आणि बूट एक दिवसाआड वापरण्याचा सल्ला दिला. तुम्ही ऐकून घेतलेत. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जो भाव होता, त्याचा अर्थ मला नंतर लागला.

मग एका सकाळी तुम्ही फाटकाशी आला नाहीत. मी एकटाच पट्ट्यावर गेलो. ठसे ताजे होते. मी समजलो, तुम्ही लवकर येऊन धावून गेलात. साचा काढला. पाऊल जड होते, परंतु मागच्या जड पावलांपेक्षा निश्चित सुधारलेले. मला समाधान वाटले. अभिनंदन करावे, म्हणून मी दुकानावर आलो. दुकान बंद. शेजारच्या पानवाल्याने सांगितले की, तुम्ही कालपासून ब्रह्मपुरीला लग्नाला गेला आहात.

युसुफभाई, वाघांच्या गणतीत एकाच वाघाचे तीन केल्याचा आरोप आमच्या खात्यावर लोक नेहमी करीत. मी दोन माणसांचा एक केला होता. तेही बुटासकट.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे झाडाआड जाऊन बसलो. या वयात ते बरे दिसले नाही. थोड्या वेळाने धापा टाकीत, पोट सावरीत, तसलाच नारिंगी बूट घालून मनोहर आला. पट्ट्यापाशी येऊन हात वर करून म्हणाला, "मामाजी, घात झाला!" आणि थांबून खोकू लागला.

तुमचे काम त्याला स्वतःला हवे होते. लोक नायकासाठी उठत नाहीत, हे त्यालाही दिसत होते. तुम्ही परत येताच मी तुम्हाला गाठले. मी संतापलो होतो.

"तुमी बसा ना जी आधी."

"त्याने हा बूट कुठून घेतला?"

"माह्याच दुकानातून. दुसरीकडं कुठी भेटते?"

"तुम्ही त्याला विकलात?"

"गिऱ्हाईक आहे साहेब. पाय त्याचाबी वाकडाच. अन् नंबर आमचा दोघांचा एकच, नऊ. नाडी मीच बांधून देली. त्याले वाटते, काऊन घेतला ते मले मालूम नाई."

"तो तुमचे काम घेणार आहे."

"धावला तर घेते तो. धावू द्या ना. लोकाईले धावणारा पायजे, मनोहर असो का मी असो." मग तुम्ही म्हणालात, "पण साहेब, तुमचा तो गादीच्या विश्रांतीचा सल्ला मी त्यालेबी सांगतला. आता आमी एक दिवसाआड येतो. भांडण नाई, टक्कर नाई."

म्हणजे माझी निरीक्षणे तुम्ही दोघांनी वाटून घेतली होती. मी त्या दिवशी चहा न घेता उठलो. संध्याकाळी तुम्ही फाटकाशी खोकलात. मी बाहेर आलो. त्याविषयी पुन्हा बोलणे झाले नाही.

दिवाळीपूर्वीची तालीम मला स्वच्छ आठवते. मैदानात रंगमंच बांधला होता. मनोहर म्हणाला, "भाऊ, एकदा धावून दाखवा. नाईतर मी पाहतो काय कराचं ते." त्याच्याही पायांत तो बूट होता. मी मागच्या बाजूस खुर्ची टाकून बसलो होतो. नाटके मी पाहत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. मी बुटासाठी आलो होतो.

तुम्ही धावलात. मी तुमचा घोटा पाहत होतो. तो एकदाही आत कलंडला नाही. पाटावर पाय पडला, आणि त्या गादीने तुम्हाला असे काही वर फेकले की, ठरलेल्या जागी न उतरता तुम्ही रंगमंच ओलांडून थेट आजाच्या खाटेवर जाऊन आदळलात. खाटेची नवार फाटली. तुम्ही मधोमध आत गेलात. वर फक्त दोन नारिंगी तळवे दिसत होते. मी उभा राहिलो होतो. मग त्या खाटेच्या पोटातून तुमचा आवाज आला:

"मामाजी, पाहुणे परत गेले. मी बी परत जातो, पण मले काहाडा आधी!"

मनोहर हसत हसत खाली बसला. डोळे पुसून म्हणाला, "भाऊ, हे रोज जमन काय?" त्याच संध्याकाळी आजाचे पात्र नाटकातून काढण्यात आले. खाट राहिली. फाटकी नवार काढून तेथे सैल दोर बांधण्यात आला. या हंगामात तुम्ही धावत आलात आणि खाटेवर पडलात. मनोहरने तुम्हाला जेथे निजवायचे ठरवले होते, तेथेच तुम्ही रोज रात्री पोहोचलात. मात्र आपल्या पायांनी आणि लोकांना उभे करून.

हंगाम सुरू झाल्यावरही तुमची सकाळ चुकली नाही. रात्रभराचा प्रयोग संपवून मंडळीच्या गाडीतून उतरत असा ते माझ्या फाटकाशी. तोंडाला रंग तसाच. एकदा सुमनने दार उघडले आणि किंचाळली. तुम्ही म्हणालात, "भाभी, तिकीट काहाडून पाहते लोक, तुमी फुकटात भेता." रोज एकच प्रश्न तुम्ही विचारीत असा: "साहेब, बूट पास का नापास?" मी रोज सांगे, पूर्वीची निरीक्षणे दोन माणसांची मिसळलेली आहेत, ती बाद, नव्याने सुरुवात केली आहे, घाई करू नये. तुम्ही म्हणत असा, "तुमच्या खात्यात वाघ म्हातारा होते, तवा गणती लागते." आणि पुढे चालू लागत असा.

निकाल मला तालमीच्या दिवशीच कळला होता. परंतु निकाल लागला की परीक्षा संपते. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी येण्याचे मग कारण उरत नाही. एवढेच.

आता निकाल लिहितो. बूट रोजच्या सरावास योग्य. गादी टाचेस व गुडघ्यास उपकारक. सपाट तळपायाच्या व आत कलंडणाऱ्या घोट्याच्या माणसास पाचरेचा आधार खरा मिळतो. हे ठशांवरून सिद्ध, आणि ठसे दोन माणसांचे असल्याने दोनदा सिद्ध. चिखल, दव आणि कुसळे यांपुढे बूट टिकत नाही. धानाच्या मुलखात तो पावसाळ्यात वापरू नये. वजन थोडे अधिक. रंगाविषयी मत देत नाही. उडी घेताना तो अपेक्षेपेक्षा दूर नेतो, हे दुकानदाराने गिऱ्हाइकास आधी सांगावे. एकूण, उत्तीर्ण. जमीन चांगली शिकवते हे माझे मत कायम आहे. परंतु तुमच्या वयाच्या विद्यार्थ्याला मार कमी बसला, हे बरे झाले.

एवढे लिहून झाले असता, सकाळी आठच्या सुमारास, मनोहर आला. ओसरीवर बसला नाही, उभाच राहिला. पायांत बूट होता. त्याने विचारले, "साहेब, आज भाऊचं काम मीच करून राह्यलो. वर्षभर हेच मागत होतो. आता भेव लागून राह्यलं जी. कसं धावू?"

मी म्हणालो, "नायकाचे काम कोण करणार?"

"नायकाले कोणीबी चालते," तो म्हणाला. हे त्याच्या तोंडून ऐकायला तुम्ही हवे होता.

त्याचे पाऊल मला तुमच्या पावलाइतकेच ठाऊक आहे. त्याची टाच खोल पडते, तो भीतीने मागे झुकतो. मी त्याला सांगितले, युसुफभाईंसारखे धावण्याचा प्रयत्न करू नकोस. तुला तसे येत नाही. पुढे झुकून, ओरडत, तुझ्या चालीने ये. पाटापाशी थांबू नकोस. खाट तेथेच आहे. तो रडू लागला. मी त्याला पाणी दिले. सुमनने त्याला खायला दिले. मग तो गेला.

तुम्ही चांगले शेजारी होता, चांगले दुकानदार होता. धावताना तुम्ही बरे दिसत असा. हे तुम्हाला सांगायचे राहिले, कारण आपल्यात असे बोलण्याची पद्धत नव्हती.

दुपारनंतर मी प्रयोगाच्या जागी गेलो. या वेळी कापणी झालेल्या बांधीत रंगमंच उभारला आहे. खुर्च्या अजून लागायच्या होत्या. मागच्या टोकापासून पाटापर्यंतची वाट मी दोनदा चालून पाहिली. धानाची धसकटे उभी होती, बुटाच्या जाळीतून टोचतील अशी कडक. सुमनचा विळा घेऊन ती बुडाशी कापली. मधोमध बैलाच्या खुरांनी पडलेला एक खड्डा होता, बरोबर जेथे वेग येतो तेथे. बाजूच्या ढिगातून दोन घमेली मुरूम आणला, त्यात ओतला आणि पायाने दाबून बसवला.